बेलग्रेडमध्ये उपासाचं ताट, आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात तुर्कस्तानाबद्दलच्या एका उत्तरात मी "तिथवर जाताच आहात तर सर्बियाही करून या" असं सहज लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर त्याच देशाला देऊन टाकलं. ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी: जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या दुरुस्तीत माझी हयात गेली, आणि भाची नोवी सादला शिकत होती म्हणून सर्बियात जाणं-येणं झालं. त्यामुळे माझ्या उत्तरांत लाकूड, चुना आणि दगड जरा जास्त येतात. चालवून घ्या.

ताई, आम्ही दोघं साठी ओलांडलेले, शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही. मुलगी म्हणते, सर्बियात मांसाशिवाय काही मिळत नाही, तुम्ही आठवडाभर ब्रेड आणि केळ्यांवर राहाल. दशम्या, चटण्या, मेतकूट किती न्यावं?
— निवृत्त शिक्षिका, कॉलेज रोड

मुलगी खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलते. मेनूकार्ड उघडलं की आधी जाळीवर भाजलेल्या मांसाची पानंच्या पानं येतात, हे खरं. पण हा देश बहुतांशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहे आणि त्यांचे उपास चांगले कडक असतात. बुधवार आणि शुक्रवार हे ठरलेले वार. शिवाय ईस्टरच्या आधीचे सात आठवडे, २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी (त्यांचा ख्रिसमस ७ जानेवारीला असतो), १४ ते २७ ऑगस्ट, आणि जूनच्या सुमाराला आणखी एक. या दिवसांत मांस बंद, अंडं बंद, आणि दूध, दही, चीज, लोणी हेही बंद. सगळेच पाळतात असं अजिबात नाही, तरुण पोरं तर शुक्रवारीही बर्गर हाणताना दिसतात. पण उपासाचा स्वयंपाक घराघरात आणि हॉटेलांत टिकून आहे. त्याला म्हणतात 'पोस्नो'. एवढा एक शब्द पाठ करा.

यात एक खोच आहे. पोस्नोमध्ये बऱ्याच दिवशी मासा चालतो. नुसतं "पोस्नो" म्हणून गप्प बसलात तर वेटर मोठ्या आनंदानं तळलेला मासा आणून ठेवील. म्हणून पुढे "बेझ रिबे" जोडायचं, मासा नको. आणि "बेझ मेसा" म्हणजे मांस नको. एका कागदावर सर्बियनमध्ये लिहून घेतलं तर उत्तमच; हॉटेलातल्या रिसेप्शनवरची मुलगी हसत हसत लिहून देते.

तुमच्यासाठी पहिला पदार्थ प्रेब्रानात्स. पांढरा मोठा घेवडा रात्रभर भिजवायचा, उकळून पहिलं पाणी फेकायचं, मग मऊ शिजवायचा. दुसरीकडे भरपूर कांदा, म्हणजे इतका की आपल्याला वाटावं बाईचा हात घसरला, तेलात मंद आचेवर गोड होईपर्यंत परतायचा. त्यात तांबड्या गोडसर मिरचीची पूड आणि तमालपत्र. मग मातीच्या खोलगट भांड्यात घेवडा आणि कांद्याचे थर लावून भट्टीत. वरचा थर सुकून काळपट होतो, कडेला कांदा चिकटून जळतो, आणि आतला घेवडा मात्र लोण्यासारखा राहतो. कडेचं ते करपलेलं चमच्यानं खरवडून खायचं, मजा तिथे आहे. ऑर्डर देताना तेवढं विचारून घ्या, कारण काही ठिकाणी वर सॉसेजचे तुकडे ठेवतात. आणि 'पासुल्य' नावाचं घेवड्याचं पातळ सूप दिसलं तर सावध: ते बहुतेक वेळा धुरी दिलेल्या मांसाबरोबर शिजवलेलं असतं. 'पोस्नी पासुल्य' वेगळं.

सकाळी पेकारा, म्हणजे बेकरी. पातळ पापुद्र्यांची पिठा मिळते. बटाट्याची 'क्रोम्पिरुशा', पालकासारख्या भाजीची 'झेल्यानित्सा'. तीत बऱ्याचदा चीज आणि अंडं असतं, बटाट्याची मात्र अनेक ठिकाणी पोस्नो मिळते. बुरेक नावाचा गरम, तेलकट, वजनावर तोडून देतात तो प्रकार मांसाचा किंवा चीजचा असतो आणि सोबत पातळ दही पेल्यातून पितात. दही तुम्ही खुशाल प्या. गिबानित्सा फार नावाजलेली, पण तिच्यात अंडं भरपूर, तेव्हा तुम्हाला नाही. पश्चिमेच्या झ्लातिबोर या डोंगराळ भागाकडे गेलात आणि कुणी आग्रहानं 'कोम्प्लेत लेपिन्या' दिली तर नको म्हणा. दिसायला फुगलेला पाव, त्यात साय आणि अंडं. पण वर भाजलेल्या मांसाचा रसही ओतलेला असतो आणि तो दिसत नाही.

दूधदुभतं चालत असेल तर कायमाक चुकवू नका. तापवलेल्या दुधावरची जाड साय काढून, मीठ लावत थरावर थर रचतात. ताजी असताना गोडसर, मुरली की आंबूस आणि पिवळी. मक्याच्या पिठाच्या घट्ट 'काचामाक'वर ही साय घालून खायची. तिखटाची तलफ आली तर 'उर्नेबेस' मागा, चीज आणि तिखट मिरची कालवलेलं असतं. नाशिककराला ते तिखट वाटणार नाही, पण बिचारे प्रयत्न करतात.

तर दशम्या पहिल्या दिवसापुरत्या न्या. मेतकूट न्याच, कशालाही लागतं. आणि चिवडा दोन पुडे जास्त, कारण ओळख झाली की लोक घरी बोलावतात आणि रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही. घरी गेल्यावर बसायच्या आत एका ताटलीत अख्ख्या फळांचा मुरांबा, एक चमचा आणि पाण्याचा पेला पुढे येतो. याचं नाव स्लात्को. एक चमचा खायचा, वर पाणी प्यायचं. दुसरा चमचा घ्यायचा नसतो.

आमचा मुलगा सगळं खातो, फक्त गोमांस नाही. त्याला काय सांगावं?
— एक वाचक, सिडको

मग त्याला शब्द शिकवा: 'गोवेदिना' गाय-बैलाचं, 'तेलेतिना' वासराचं, 'स्विन्येतिना' डुकराचं, 'याग्न्येतिना' कोकराचं, 'पिलेतिना' कोंबडीचं. चेवापी म्हणजे बोटभर लांबीचे खिम्याचे तुकडे आणि प्लेस्कावित्सा म्हणजे तळहातापेक्षा मोठी चपटी टिक्की. हे देशभर मिळतात आणि दक्षिणेत लेस्कोवात्सचे सगळ्यांत नावाजलेले. पण खिमा बहुधा गोमांसाचा किंवा डुकराबरोबर मिसळलेला. त्याच्यासाठी सोपं म्हणजे जाळीवरची कोंबडी, किंवा डोंगराकडे गेलात तर सळईवर अख्खं भाजलेलं कोकरू. डॅन्यूबच्या काठावर माशाचं तांबडं सूप मिळतं तेही चांगलं. आणि सार्मा, आंबवलेल्या कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात: हिवाळ्यात मोठ्या भांड्यात तासन् तास शिजतो, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. उपासाच्या दिवसांत त्याचा तांदूळ-अक्रोडाचा प्रकारही करतात, घरात कुणी शाकाहारी असेल तर त्यांनी तो घ्यावा.

ताई, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बेलग्रेडला दोन दिवस मिळणार आहेत. फोटो पाहिले तर शहर करडं आणि विस्कटलेलं दिसतं. बघण्यासारखं नेमकं काय?
— विद्यार्थिनी, गंगापूर रोड

विस्कटलेलं आहेच. प्राग किंवा व्हिएन्ना डोळ्यांत घेऊन गेलीस तर पहिल्या तासात हिरमोड होईल. १९४१ मध्ये जर्मनांनी बॉम्ब टाकले, १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी, १९९९ मध्ये नाटोनं. त्यापूर्वी शतकानुशतकं तुर्क आणि ऑस्ट्रियन हे गाव एकमेकांकडून हिसकावून घेत होते. त्यामुळे शहराला एकसंध जुना चेहराच नाही. पण तू शिकणारी मुलगी आहेस, तुला शिवण दिसलेली बरी.

एक सकाळ राजा पेतार रस्त्याच्या उतरत्या टोकाला घालव, सावा नदीकडच्या बाजूला. एका बाजूला कॅथेड्रल, १८४० च्या आसपासचं, सोनेरी नक्षीच्या उंच टोकाचं, सरळ व्हिएन्नाच्या दिशेनं तोंड करून बांधल्यासारखं. रस्त्याच्या पलीकडे एक बुटकं घर, १८२३ चं, लाकडी सांगाड्याचं, कौलारू. ते बेलग्रेडमधलं सगळ्यांत जुनं टिकलेलं काफाना, म्हणजे खाण्या-पिण्याचं आणि तासन् तास बसण्याचं ठिकाण. त्याचं नाव आहे '?'. खरंच, पाटीवर नुसतं प्रश्नचिन्ह. १८९२ मध्ये मालकानं नाव ठेवलं 'कॅथेड्रलपाशी', चर्चला ते आवडलं नाही, मालकानं तात्पुरतं म्हणून प्रश्नचिन्ह लावलं, ते आजतागायत आहे. दोन इमारतींमध्ये वीसेक वर्षांचं अंतर, रुंदीला एक रस्ता. आणि तेवढ्यात एका देशानं इस्तंबूलकडे पाठ करून व्हिएन्नाकडे मान वळवली. तुमच्या इतिहासाच्या तासाला हे फळ्यावर काढून समजत नाही.

काफान्यात आत बस. टेबलं गुडघ्याएवढी, स्टुलं त्याहून बुटकी. तुर्की पद्धतीची कॉफी किंवा प्रेब्रानात्स माग आणि मान वर करून भिंत आणि छत यांचा सांधा पाहा. या बांधणीला तिथे 'बोंद्रुक' म्हणतात: आधी लाकडी उभे खांब, आडव्या तुळया आणि कोपऱ्यांत तिरके टेकू, मग मधल्या चौकटी विटांनी किंवा माती-कुडानं भरायच्या, वरून चुन्याचा गिलावा. भिंत वजन पेलत नाही, सांगाडा पेलतो. आपल्याकडे सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांतल्या वाड्यांत सागवानी खांब-तुळयांच्या मधे विटा-मातीचा भरणा असतो, तीच अक्कल. फरक लाकडात (तिकडे ओक) आणि हवेत: त्यांचं छप्पर बर्फासाठी, आपलं पावसासाठी, म्हणून वळचण किती बाहेर काढलीय ते दोन्हीकडे मोजून बघ. मोजपट्टी बॅगेत ठेव. मी ठेवते.

तिथून दोन-तीन मिनिटांवर राजकुमारी ल्युबित्साचा कोनाक, १८२९ ते १८३१ मध्ये तेव्हाचा राज्यकर्ता मिलोश यानं बायको आणि मुलांसाठी बांधलेला वाडाच म्हण ना. आता संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर खोल्या मधल्या मोठ्या दिवाणखान्याभोवती लावलेल्या, बाहेर झुकलेल्या खिडक्या, घरातच हमाम. बाहेरून मात्र दर्शनी भाग युरोपी व्हायला लागलेला. ज्यांनी बांधला त्यांना आपण दोन काळांच्या मधे उभे आहोत हे माहीत असावं असं वाटतं.

दुपारी कालेमेग्दान किल्ला. सावा आणि डॅन्यूबच्या संगमावर आहे, आत बाग आहे, तिकीट नाही. खाली रोमन पाया, वर ऑस्ट्रियन बुरूज, मधे तुर्की दरवाजे. टोकाला 'पोबेद्निक', म्हणजे विजेता, याचा पुतळा: इव्हान मेश्त्रोविचचा, १९२८ मध्ये उभारलेला. खरं तर तो शहराच्या मधल्या चौकात उभा करायचा होता, पण पुरुषाचा नग्न पुतळा म्हणून ओरड झाली आणि त्याला किल्ल्यावर नदीकडे तोंड करून ठेवलं. आता शहराला पाठच दिसते. किल्ल्यातच रुझित्सा नावाचं वेलींनी झाकलेलं छोटं चर्च आहे. आतली झुंबरं पहिल्या महायुद्धातल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या आणि तलवारी वापरून सैनिकांनी केलेली. जवळ जाऊन पाहा, पुंगळ्या ओळखू येतात.

दुसऱ्या दिवशी संत सावाचं मंदिर. बाहेरून मला ते जरा थंड वाटतं, पण तुझ्या अभ्यासक्रमाला उपयोगी. काम १९३५ मध्ये सुरू झालं, युद्धानं थांबलं, १९८५ मध्ये पुन्हा सुरू झालं. आणि १९८९ मध्ये सुमारे ४,००० टनांचा घुमट, जो जमिनीवरच बांधून तयार केला होता, तो अख्खा उचलून जागेवर बसवला. आतली सोनेरी मोझेक अगदी अलीकडची. मान दुखेपर्यंत बघ.

संध्याकाळी स्कादार्लियाच्या फरसबंद गल्लीत सगळे प्रवासी जातात. जा, गाणी ऐक, पण जेवण तिथे महाग आणि बेताचं. जेवायचं दुसरीकडे.

आम्ही द्राक्ष बागायतदार. वाईनरीला पुरवठा करतो. तिकडच्या वाईनच्या गावांबद्दल ऐकलं आहे. बागा बघण्यासारख्या आहेत का?
— पिंपळगाव बसवंत

बागा तुम्ही इकडे रोज बघता. तुम्हाला तळघरं दाखवायची आहेत. देशाच्या पूर्व टोकाला, रुमानिया-बल्गेरियाच्या सीमेजवळ नेगोतिन नावाचं गाव आहे. त्याच्या भोवती रायात्स, रोग्लेवो, स्मेदोवात्स इथे 'पिव्नित्से' आहेत: घडीव दगडाची, जाड भिंतींची, अर्धी जमिनीत गेलेली घरं, ज्यांत माणसं राहत नाहीत, फक्त वाईन राहते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली. पूर्ण वस्तीच तळघरांची. गाव वेगळं, आणि हे वाईनचं गाव वेगळं, टेकडीवर. हंगामात लोक येतात, द्राक्षं चेचतात, पिंपं भरतात, काही दिवस तिथेच जेवतात-झोपतात आणि घरी परत जातात. दाराच्या कमानी, जमिनीलगतच्या चिमुकल्या खिडक्या, आत पाऊल टाकताच येणारा गारवा. वीज नसताना तापमान कसं सांभाळायचं, याचं उत्तर त्या भिंतीच्या जाडीत आहे. तुमच्या शेडवर खर्च करण्याआधी ती भिंत बघून या.

जायचा रस्ता डॅन्यूबच्या काठानं घ्या. वाटेत गोलुबात्सचा किल्ला लागतो, नदीतून वर आलेल्या खडकावर दहा बुरूज. पूर्वी मुख्य रस्ताच किल्ल्याच्या दरवाज्यातून जायचा, ट्रक कमानीतून घासत जायचे. आता डोंगरातून बोगदा काढला आहे आणि किल्ला दुरुस्त करून २०१९ मध्ये उघडला. मला दुरुस्ती थोडी जास्तच चकचकीत वाटली, पण पडण्यापेक्षा बरी.

दुसरी जागा उत्तरेला, नोवी सादजवळचं स्रेम्स्की कार्लोव्त्सी. १६९९ मध्ये तुर्क आणि युरोपी राज्यांचा तह इथे झाला. जिथे झाला तिथे आता चार दारांचं गोल चर्च आहे, कारण तहाला बसणाऱ्यांपैकी कुणी आधी आत शिरल्याचा मान घेऊ नये, अशी चार दारांची सोय केली होती म्हणतात. तिथे बेर्मेत नावाची औषधी मसाल्यांची गोड वाईन घराघरात करतात आणि प्रत्येक घराची कृती गुपित. सोबत कुग्लोफ नावाचा केक. मी घोटभर घेऊन पाहिली. आल्याच्या वड्यांबरोबर जास्त चांगली लागेल असं वाटलं. तुमच्या धंद्याच्या दृष्टीनं नावं दोन टिपून घ्या: तांबड्यात प्रोकुपात्स, पांढऱ्यात ताम्यानिका. दोन्ही जुन्या जाती आहेत आणि अलीकडे पुन्हा लावल्या जाताहेत.

तिथलाच नोवी सादचा पेत्रोवारादिन किल्ला अर्ध्या तासात बघून घ्या. घड्याळाच्या मनोऱ्यावर मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं, कारण डॅन्यूबवरच्या नावाड्यांना लांबून तास दिसला पाहिजे. थंडीत ते मागे पडतं, उन्हाळ्यात पुढे पळतं, म्हणून लोक त्याला दारुडं घड्याळ म्हणतात.

त्यांची तोड सप्टेंबरात सुरू होते. तुमच्या ऑक्टोबर छाटणीशी ते टक्कर घेणार, म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन परत या.

सासूबाईंना घेऊन जातेय. त्या म्हणतात, देऊळ कुठल्याही धर्माचं असो, हात-पाय धुऊन नमस्कार करायचा. तिथल्या मठांत चालतं का? कुठला एकच मठ बघावा?
— गृहिणी, पंचवटी

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. चपला काढायच्या नसतात, बूट घालूनच आत जातात, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दारात घोळ होईल. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीला काहीच अडचण नाही, उलट साध्व्या कौतुक करतात. पदर डोक्यावर घेतला तर फारच छान. दारापाशी मेणबत्त्या विकत मिळतात. लावायच्या जागा दोन असतात, वरची जिवंत माणसांसाठी आणि खालची गेलेल्यांसाठी. वाळूत रोवायची. सासूबाई मुलांच्या नावानं खालच्या वाळूत लावणार नाहीत तेवढं बघा. आत फोटो काढायच्या आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

एकच मठ असेल तर स्तुदेनित्सा. बेलग्रेडहून दक्षिणेला, क्राल्येवोच्या पुढे इबार नदीच्या खोऱ्यातून वर जायचं. बाराव्या शतकाच्या शेवटी तेव्हाचा राज्यकर्ता स्तेफान नेमान्या यानं बांधलेला, १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत. गोल तटाच्या आत गवत, आणि मधोमध पांढऱ्या संगमरवराचं देऊळ. बाहेरून इटलीच्या बाजूचा रोमनेस्क घाट, दगडात कोरलेली द्राक्षवेलीची पानं आणि प्राणी. वर बायझंटाइन घुमट. दोन कारागिरांच्या परंपरा एकाच भिंतीत भेटल्या आणि भांडल्या नाहीत. पश्चिमेच्या दाराच्या चौकटीला हात न लावता जवळून बघा, छिन्नीच्या खुणा अजून दिसतात. आत पश्चिमेच्या भिंतीवर क्रुसावरचा येशू, १२०८-०९ मधलं चित्र, मागे गडद निळं आकाश आणि त्यात सोनेरी तारे. निळा रंग आठशे वर्षांनीही फिका पडलेला नाही. बाजूलाच राजा मिलुतिनचं १३१४ चं चिमुकलं चर्च आहे, दहा माणसांत भरेल असं. आतली भित्तिचित्रं त्याहून नाजूक. बरेच लोक मोठं बघून निघून जातात.

वाटेत क्राल्येवोजवळ झिचा लागतो. तो तांबड्या रंगाचा, लांबूनच ओळखू येतो. त्या वाटेवर मठांच्या दाराशी मध आणि घरगुती स्लात्को मिळतात. घ्या. बुधवारी किंवा शुक्रवारी गेलात तर आसपासच्या खाणावळींत पोस्नो हमखास मिळतं, म्हणजे सासूबाईंच्या जेवणाची काळजी मिटली. डिसेंबरात जात असाल तर १९ तारखेला संत निकोलाचा दिवस. तिथे प्रत्येक घराचा एक संत ठरलेला असतो, बापाकडून मुलाकडे आलेला, आणि त्याच्या दिवशी घर उघडं ठेवून सगळ्यांना जेवायला घालतात. याला स्लावा म्हणतात, २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. निकोला हा फार घरांचा संत, म्हणून त्या दिवशी अर्धं गाव उरलेल्या अर्ध्या गावाकडे जेवायला असतं. उपासाचे दिवस असल्यानं ताटात मासा असतो. पण शिजवलेले गहू, अक्रोड आणि साखर यांचं 'झितो' सगळ्यांना देतात, ते सासूबाईंना चालेल.

व्हिसा, पैसे, प्रवास. थोडक्यात सांगा.
— अनेकांचा प्रश्न

भारतीयांना १ जानेवारी २०२३ पासून व्हिसा लागतो. शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर वेगळा न काढता ९० दिवसांपर्यंत राहता येतं. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दिल्लीच्या सर्बियन दूतावासाकडून खात्री करा. मुंबईहून इस्तंबूल किंवा आखातातून विमान बदलून जायचं. पैसे दिनार, युरो बदलून मिळतात. ओळखीच्या घरी राहिलात तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते, हॉटेल ते स्वतःच करतं. बेलग्रेडमधली बस-ट्राम १ जानेवारी २०२५ पासून फुकट आहे. नोवी सादला वेगवान रेल्वे आहे, पण गाडी नेमक्या कुठल्या स्टेशनला थांबते ते तिकिटावर पाहून घ्या. १ नोव्हेंबर २०२४ ला तिथल्या स्टेशनचं छत कोसळून १६ माणसं गेली, आणि त्यानंतर देशभर मोर्चे निघाले. रस्ते बंद असतील तर वेळ हाताशी ठेवा. आणि हो, काफान्यात आजही आत बसून सिगारेटी ओढतात. दम्याचा त्रास असेल तर बाहेरचं टेबल मागा.

बेलग्रेडहून आणलेली आयवारची (भाजलेल्या तांबड्या मिरच्यांच्या चटणीची) बरणी आठवड्यात संपली. नाशकात घरी करता येईल का?
— एक वाचक, इंदिरानगर

येतं. त्यांच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात अंगणाअंगणात तांबड्या लांब मिरच्या भाजतात, गल्लीभर वास सुटतो. त्यांची ती शिंगासारखी गोड मिरची आपल्याकडे मिळत नाही. पॉलिहाउसमधली तांबडी ढोबळी घ्या, पिवळी नको. दोन किलो मिरचीला एक मध्यम वांगं. गॅसवर किंवा शेगडीवर साल काळी होईपर्यंत भाजा, लगेच पातेल्यात घालून झाकण लावा, अर्ध्या तासानं साल सुटते. पाण्याखाली धरू नका, चव वाहून जाते. देठ-बिया काढून गर रात्रभर चाळणीत निथळत ठेवा. ही पायरी आळस करून सोडतात आणि मग म्हणतात पाणचट झाली. सकाळी मिक्सरमध्ये जाडसर फिरवा, अगदी गंध नको. जाड बुडाच्या कढईत वाटीभर सूर्यफुलाचं तेल, मीठ, आणि मंद आचेवर ढवळत राहा. तास-दीड तास लागतो. चमचा ओढल्यावर कढईचा तळ दिसला आणि ती फट लगेच बुजली नाही की झालं. शेवटी चमचाभर व्हिनेगर. गरम असतानाच कोरड्या, उकळून घेतलेल्या बरणीत भरा आणि वरून गरम तेलाचा पातळ थर द्या. त्यांच्याकडे ती हिवाळाभर तळघरात टिकते. आपल्या हवेत फ्रीजमध्येच ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. बाजरीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा आणि कशी लागली ते मला कळवा.